पाय लागला, नमस्कार कर

मी कल्याण सोडलं त्या सकाळी आमच्या ओटीवर माझी पत्र्याची ट्रंक आडवी ठेवलेली होती. आईने हातावर दही घातलं. मी ते चाटून हात धोतराला पुसला म्हणून तिने तेवढ्या गडबडीतही डोळे वटारले. धाकटी बहीण यमू दाराआड उभी राहून रडत होती आणि बाहेर स्टेशनला जायची दमणी जुंपून तयार होती. मी सगळ्यांच्या पाया पडलो, वळलो, आणि घाईत माझा पाय ट्रंकेला लागला.

"पाय लागला," नाना म्हणाले. "नमस्कार कर."

मी वाकलो, ट्रंकेला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि दमणीत जाऊन बसलो. नाना म्हणजे माझे वडील. मामलेदार कचेरीतले कारकून, बोलणं मोजकं. विलायतेला निघालेल्या एकुलत्या मुलाला त्यांनी शेवटचं सांगितलं ते एवढंच. जपून राहा नाही, पत्र पाठव नाही, जेवणाचं बघ नाही. ट्रंकेला नमस्कार कर. मला तेव्हाही राग आला होता आणि इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही.

हे मी लिहितो आहे ते कल्याणच्या मंडळींसाठी, विशेषतः ज्यांनी मला मेलेला ठरवलं त्यांच्यासाठी. आणि माझ्यासारखे जे घर सोडून कुठे कुठे जाऊन पडले, त्यांच्यासाठीही. पहिल्या मंडळींना वाचून राग येईल. येऊ दे. सगळा मी एकट्यानेच का वाहायचा?

पायाच्या बाबतीत आमचं घर फार कडक. पोथीला, धान्याला, केरसुणीला, माणसाला, कशालाही चुकून पाय लागला की वाकून हात लावायचा आणि डोळ्यांना न्यायचा. ही रीत सगळ्यांकडेच असते, पण नाना मांजराला पाय लागला तरी नमस्कार करत. मांजर तोवर स्वयंपाकघरात पोचलेलं असे. नाना त्याच्या मागे आत जात, त्याला शोधून काढत, हात लावत आणि मगच कचेरीला निघत. आम्ही भावंडं तोंड दाबून हसायचो.

माझ्या मामाचं घर शहाडला, उल्हास नदीच्या अगदी काठाला. उन्हाळ्यात ताडगोळे खाऊन झाले की रिकाम्या फळांचा ढीग पडायचा, आणि ती लाथेने उडवायची हा माझा खेळ. ताडाचं फळ धड गोल नसतं. जमिनीवर आपटून कुठल्या बाजूला जाईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. मामाच्या बांधावर ताडाची दोन झाडं शेजारी शेजारी होती. त्यांच्या मधून आणि कुंपणाच्या वरून फळ गेलं पाहिजे, पलीकडे नदीत पडलं पाहिजे, असा माझा नियम. पण खाल्लेल्या वस्तूला लाथ मारायची म्हटली की नानांचा आवाज कानात यायचा. मग मी तोड काढली. आधीच नमस्कार करून घ्यायचा आणि नंतर लाथ मारायची. मामा पोट धरून हसायचा. "गजा, गुन्ह्याच्या आधीच माफी मागून ठेवतोस होय रे?" म्हणायचा. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याला तो नमस्कार चिकटणार आहे हे तेव्हा त्याला माहीत नव्हतं आणि मलाही.

मुंबईच्या एका गिरणीत मी उमेदवारी करत होतो. मालकांनी ठरवलं की यंत्रं विलायतेहून यायची तर ती जोडणारा आपला माणूस तिथे शिकून यावा, आणि माझं नाव निघालं. समुद्र ओलांडायचा म्हटल्यावर आळीत कुजबुज झाली. पण नानांनी शास्त्रीबुवांना आधीच विचारून ठेवलं होतं. परत आल्यावर हजामत करायची, पंचगव्य घ्यायचं, ब्राह्मणभोजन घालायचं, की झालो शुद्ध. नाना त्या दिवसांत सुधारकांची व्याख्यानं ऐकायला ठाण्यापर्यंत जात असत. मला त्यांचा अभिमान वाटायचा. हे वाक्य मी भूतकाळात लिहिलं आहे, तिकडे लक्ष द्यावं.

इथलं माझं गाव इंग्लंडच्या उत्तरेला आहे. धुरांडी, विटांची काळी घरं आणि चिखल. पहिला हिवाळा मी रडत काढला, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लँडलेडी सकाळी ओटचं पातळ काहीतरी वाढायची, त्याला इथे पॉरिज म्हणतात. आमच्याकडे तशी खळ कपड्यांना लावतात. मांस मी खात नव्हतो. बटाटे, पाव आणि चीज, आणि चीजचा वास मारायला चहा. पत्रात मात्र मी लिहायचो की जेवणाची सोय उत्तम आहे. बाहेर गेलेला प्रत्येक मुलगा हे खोटं लिहितो आणि प्रत्येक आई ते ओळखते.

शनिवारी दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की सारा गाव फुटबॉलला जायचा. इथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी पाडायचं. एका शनिवारी कारखान्यामागच्या मैदानात क्लबची माणसं सराव करत होती. मी कडेने चाललो होतो. चेंडू उसळला, भलतीकडे वळला, पुन्हा उसळला आणि माझ्या पायाशी येऊन थांबला. अगदी ताडाचं फळ. मी बुटाच्या टाचेने खळगा केला, चेंडू उभा ठेवला, वाकून त्याला हात लावला, हात डोळ्यांना नेला आणि लाथ मारली. चेंडू दोन्ही खांबांच्या मधून, आडव्या दांड्याच्या बऱ्याच वरून गेला आणि पलीकडच्या कोळशाच्या ढिगात पडला.

टॉम नावाचा एक खाणकामगार तिथे कमरेवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "पुन्हा मार." मी पुन्हा मारली. तीही गेली. त्याने मला खांद्याला धरून क्लबच्या खोलीत नेलं आणि अशा रीतीने मी फुलबॅक झालो.

फुलबॅक सगळ्यांच्या मागे एकटा उभा असतो. पुढचे सगळे चुकले की समोरचा धिप्पाड गडी चेंडू घेऊन त्याच्यावर येतो आणि त्याला एकट्याने आडवं करायचं असतं. पहिल्या वर्षी माझं गळ्याचं हाड मोडलं, दुसऱ्या वर्षी पुढचे दात गेले. पण गोल मारायची, म्हणजे चेंडू खांबांच्या मधून दांड्यावरून घालवायची वेळ आली की मैदान माझं असायचं. टॉम चिखलात पोटावर पालथा पडायचा आणि बोटांच्या टोकांनी चेंडू उभा धरायचा. मी नमस्कार करायचो, मागे यायचो आणि मारायचो. बाजूच्या रेषेजवळून, वाऱ्याच्या विरुद्ध, जमीन गोठून दगड झालेली असतानासुद्धा. आमचा क्लब शेवटच्या जागेवरून वर वर येत गेला. दुकानदार मला नावाने हाक मारू लागले. नाव म्हणजे जॉर्ज. गजानन त्यांच्या तोंडात मावत नव्हतं.

त्या नमस्काराने मात्र माझा घात केला. पहिल्या सामन्यात मी वाकून चेंडूला हात लावला तसं सारं मैदान चिडीचूप झालं. गोल झाल्यावर लोक वेड्यासारखे ओरडले. सोमवारच्या वर्तमानपत्रात छापून आलं, हिंदू जादूगाराने चेंडूवर मंत्र टाकला. क्लबचा सेक्रेटरी तुरा लावलेलं एक भलंमोठं पागोटं घेऊन आला आणि म्हणाला, हे घालून खेळ. असलं पागोटं कल्याणात कोणी बहुरूप्यानेही घातलं नसतं. मी नाही म्हणालो. मग त्यांनी ते माझ्या चित्रात रंगवून टाकलं. अर्ध्या चड्डीतले उघडे गुडघे, डोक्यावर तुरा, आणि मी चेंडूची पूजा करतो आहे. ते चित्र सिगारेटच्या दुकानांत टांगलं गेलं.

मी सेक्रेटरीला समजावून सांगितलं. मंत्र नाही, जादू नाही. ज्याला पाय लावायचा त्याची माफी मागतो, आमच्याकडे लहान मूलही हे करतं. तो म्हणाला, हे कोणाला सांगू नकोस, गंमत जाईल. टॉमचं तर वेगळंच होतं. त्याला वाटायचं मी त्याच्या बोटांना नमस्कार करतो, लाथ त्यांना बसू नये म्हणून. खरं कळल्यावर तो हिरमुसला. तेव्हापासून मी त्याच्या बोटांनाही हात लावायला लागलो.

आणखी एक सांगतो, म्हणजे वाळीत टाकणं हा काही आपलाच शोध नाही हे तुम्हाला कळेल. माझा क्लब स्वतःच बहिष्कृत होता. शनिवारी खेळायला गेलेल्या मजुराची बुडालेली मजुरी भरून द्यावी असं उत्तरेकडचे क्लब म्हणत होते. दक्षिणेकडचे बडे लोक म्हणाले, पैसा घेतो तो खेळाडूच नव्हे. उत्तरेचे क्लब वेगळे झाले. त्यावर बड्यांनी ठरवलं की यांच्याबरोबर जो एकदा मैदानात उतरेल त्याला जन्मभर बंदी. टॉमचा सख्खा भाऊ दुसऱ्या बाजूला राहिला, तेव्हापासून दोघं एकत्र खेळू शकत नव्हते. टॉम हे चिडून सांगत होता आणि मला हसू येत होतं. मी म्हणालो, टॉम, तू आमच्या आळीत सहज खपून जाशील. दोन महिन्यांनी माझं हसू थांबलं.

ते चित्र कल्याणला पोचलं. यमूचं लग्न ठाण्याच्या एका घराशी ठरत आलं होतं. वरपक्षाने चित्र पाहिलं आणि बैठक मोडली. शास्त्रीबुवा बसले, जातीतले वडीलधारे बसले. विद्येसाठी समुद्र ओलांडला त्याला प्रायश्चित्त आहे, पण उघड्या मांड्यांनी गर्दीसमोर चामड्याला लाथा मारून जो पोट भरतो त्याला नाही, असं ठरलं. माझा चुलत भाऊ भास्कर बॅरिस्टर व्हायला निघाला होता. त्याचा समुद्र निराळा असावा. त्याच वडीलधाऱ्यांनी थोड्याच दिवसांत त्याच्या हातात नारळ देऊन त्याला निरोप दिला. माझं काय केलं ते मला मामाने कळवलं. यमूचं लग्न व्हावं म्हणून नानांनी माझ्या नावाचा घट फोडला.

जे हे विसरले असतील, किंवा विसरल्यासारखं करत असतील, त्यांच्यासाठी सांगतो. माणूस जिवंत असताना त्याला मेलेला ठरवायचं असलं की नातेवाईक गावाबाहेर जमतात. दिवस वाईट निवडतात. जानवं उजव्या खांद्यावर घेतात. एक जुनं मडकं पाण्याने भरून ठेवतात, घरच्या मोलकरणीने ते लाथेने उलथायचं, आणि याला आजपासून पाणी नाही, असं म्हणून सगळ्यांनी मागे न बघता घरी जायचं. मग स्नान. खाडीच्या काठावर उभं राहून माझ्या माणसांनी हे माझं केलं. त्या दिवशी मी इकडे बहुधा बटाटे खात बसलो असेन.

बातमी कळली त्या आठवड्यापासून मी चेंडूला नमस्कार करणं सोडलं. मुलाच्या नावाच्या मडक्याला लाथ चालते तर चेंडूने काय घोडं मारलं होतं? चेंडू ठेवायचा आणि मारायचा. गोल होतच राहिले, उलट चेंडू पूर्वीपेक्षा लांब जायला लागला. पण लोक चिडले. त्यांना खेळाबरोबर मंत्र हवा होता. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी गुडघ्यावर बसून हात जोडून माझी नक्कल केली. सेक्रेटरी म्हणाला, जॉर्ज, तुझ्या त्या वाकण्यासाठी माणसं तिकीट काढून येतात. मी त्याला म्हणालो, माझ्या पायासाठी आणलंस, पाय वापर. तो माझ्याशी बोलेनासा झाला.

विचारपूस केली ती एकट्या टॉमने. चिखलात पालथा पडून, चेंडू धरून, मान वर करून त्याने विचारलं, "घरी कोणी गेलं का रे?"

"मी," मी म्हणालो. "गेल्या महिन्यात."

तो हसला नाही. "सावकाश मार," एवढंच म्हणाला.

त्यानंतरच्या वसंतात भास्कर लंडनहून मला भेटायला आला. पांढरी कॉलर, हातात काठी. मी त्याला स्टेशनवर पाहिलं आणि तोंड फिरवून निघून जावं असं मनात आलं. पण तो "अरे गजा" म्हणाला, आणि त्या आवाजात आमची अख्खी आळी होती. दुपारी त्याने सामना पाहिला. मग आम्ही लँडलेडीच्या बाहेरच्या खोलीत चहाला बसलो.

"तू आता नमस्कार करत नाहीस?" त्याने विचारलं. "चित्रात तर होता."

"नाही."

"मी होतो तिथे. खाडीवर. सगळ्या पुरुषमाणसांना बोलावलेलं." तो अडखळला. "गंगीला लाथ मारायला सांगितलेली."

गंगी आमची मोलकरीण. खाडीकडच्या वाडीतून यायची. मला आंघोळ घालताना ती डोळ्यांत साबण जाऊ द्यायची नाही, ते काम आईला कधी जमलं नाही.

"ती म्हणाली, ज्या पोराला मी न्हाऊ घातला त्याच्या नावानं मी लात नाय मारायची, मना कामावरनं काढा. आणि गेली निघून. मग भटजी म्हणाले, कोणीतरी मारा, वेळ टळतेय. कोणी पुढे होईना. माझी तर मानच वर होत नव्हती. शेवटी काका झाले पुढे."

काका म्हणजे माझे नाना. मी विचारलं, "मारली?"

"मारली. मडकं कलंडलं, पाणी गेलं. आम्ही सगळे वळलो, मागे बघायचं नसतं ना. पण भटजी एकदम ओरडले म्हणून मी बघितलं. काका वळलेच नव्हते. खाली वाकलेले. त्यांनी मडक्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. भटजी म्हणाले, अहो नाना, हे काय केलंत, सगळं फुकट घालवलंत की. तर काका म्हणाले, पाय लागला."

माझ्या हातात कप होता, तो मी भिंतीवर फेकला नाही याचं मला अजून नवल वाटतं. दया यायला हवी होती. मला संताप आला. लाथ मारायची होती तर धड मारायची. नाही मारायची तर गंगीसारखं पाठ फिरवून निघून जायचं, ती तर परक्याची बाई. हे कसलं वागणं? मुलगा मेला म्हणून सांगायचं आणि मडक्याची माफी मागायची. माझ्याशी बोलायला तुम्हाला शब्द सापडत नाहीत, नाना, ट्रंक सापडते, मांजर सापडतं, मडकं सापडतं. असं मी भास्करला मोठ्याने ऐकवत होतो आणि ऐकवता ऐकवता रडायला लागलो. भास्कर उठला, काठी घेतली, परत ठेवली. लँडलेडीने दार उघडून पाहिलं आणि हळूच लावून घेतलं.

पुढच्या शनिवारी टॉमने चेंडू धरला. मी ठरवून काही केलं नाही. पाठ आपोआप वाकली. मी चेंडूला हात लावला, टॉमच्या बोटांना लावला आणि डोळ्यांना नेला. मैदानाने एकच आरोळी ठोकली. सेक्रेटरीने टोपी उडवली. त्यांना वाटलं, त्यांचा जादूगार परत आला. मला त्या सगळ्यांच्या तोंडात माती कोंबावीशी वाटली. टॉमने चिखलातून वर पाहिलं आणि विचारलं, "आलास का परत?" मी हो म्हणालो आणि मारला. गोल झाला.

आता माझा उजवा गुडघा सुजलेलाच असतो. जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. हा हिवाळा संपला की खेळ संपला, हे डॉक्टरला कळलं आहे आणि मलाही. इथे यंत्रांचं काम आहे, खोली आहे, टॉम आहे, आणि ज्याचा वास मारायला चहा लागायचा ते चीज आता मी मिटक्या मारत खातो. हे गाव मला वाईट म्हणता यायचं नाही. पण इथे मला कोणी काही शिकवलं असेल तर ते उभं कसं राहायचं हे. वाकायचं कसं ते मी कल्याणहून आणलं होतं. घर कुठलं ते त्यावरून ठरवायचं असेल तर माझं घर कल्याणातच आहे, मग कल्याण काहीही म्हणो.

शास्त्रीबुवा, तुमच्याच नियमाने बोलतो. घट फोडून मागे न बघता निघायचं होतं. नाना थांबले, वाकले, त्यांनी हात लावला. विधी मोडला. भटजींनी हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे. म्हणजे मी मेलेलो नाही, आणि माझं पाणी तोडलं गेलेलं नाही. यमू सासरी सुखाने नांदते आहे, तिला यात कोणी ओढू नये. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला. मी येतोच आहे.

नाना, मी हजामत करणार नाही आणि पंचगव्य घेणार नाही. चामड्याला लाथा मारल्या, त्या नमस्कार करून मारल्या, आणि तो तुम्ही शिकवलेला होता. मी तुमच्यावर रागावलो आहे. पत्रातून रागावून माझं समाधान होत नाही, मला तुमच्यासमोर उभं राहून रागवायचं आहे. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी ओटीवर बसेन. ट्रंक तीच आहे. ती तिथेच आडवी ठेवीन, होती तशी, येण्याजाण्याच्या वाटेत. सकाळी कचेरीला निघताना तुमचा पाय तिला लागेल. मग काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.